मामांच्या चावीतलं कासव

चावीताईचं खरं नाव पगाराच्या कागदाखेरीज कुठेही उरलं नव्हतं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला चावीताईच म्हणत. 'हे काय नाव झालं,' असं ती नाक मुरडून म्हणायची खरी, पण एखाद्या नव्या माणसाने चुकून खऱ्या नावाने हाक मारली तर तिचं लक्षच जायचं नाही.

गावाच्या पाण्याचा सगळा कारभार टेकडीजवळच्या पंपघरातल्या एका संगणकावर चालायचा. कुठली टाकी भरायची, कुठला व्हॉल्व्ह उघडायचा, हे इंजिनिअर आणि ऑपरेटर घरबसल्या आपापल्या लॅपटॉपवरून त्या संगणकात शिरून ठरवत. आत कोणी शिरायचं आणि कोणी नाही, ते चावीताई ठरवायची. पासवर्डवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. लोक पासवर्ड चिठ्ठीवर लिहितात, ती चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली सरकवतात आणि वर म्हणतात, कोणाला कळणार आहे! म्हणून तिने पासवर्ड बंदच करून टाकले आणि चाव्या आणल्या.

या चाव्या लोखंडाच्या नव्हेत. संगणकाला सांगितलं की तो मोठमोठ्या आकड्यांची एक जोडी घडवतो. जोडीतला एक भाग कुलपासारखा. तो पंपघरातल्या संगणकावर नेऊन बसवायचा. तो साऱ्या जगाने पाहिला तरी बिघडत नाही. दुसरा भाग म्हणजे खरी चावी. ती ज्याची त्याने आपल्याच यंत्रावर घडवायची आणि तिने तिथून हलायचं नाही. "कुलूप जगाला वाटा, चावी सख्ख्या आईलाही देऊ नका," हे चावीताईचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य त्याहून कडक: "माणूस खोटं बोलतो, चावी बोलत नाही." ही दोन वाक्यं कचेरीत इतक्या वेळा ऐकून झाली होती, की ती बोलायला लागली की मागच्या बाकावरचे लोक ओठ हलवून साथ द्यायचे. घरीही तीच तऱ्हा. दाराला कुलूप लावून झालं की ते तीनदा ओढून बघायची. तिचे वडील, अप्पा, म्हणायचे, "अगं, कुलूप तुटेल एक दिवस, चोराची वाट न बघता!"

त्या सकाळी फोन आला तेव्हा ती केस विंचरत होती. टेकडीवरची मोठी टाकी रिकामी झाली होती.

तिला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. टाकी गळते, कमी भरते, पण रिकामी कशी होईल? टाकी धुताना उरलंसुरलं पाणी सोडायला तळाशी एक व्हॉल्व्ह असतो. तो कोणीतरी उजाडता उजाडता भरल्या टाकीवर उघडला होता. साऱ्या गावाचं दिवसभराचं पाणी टेकडीच्या उतारावरून सुटलं आणि खालच्या गल्लीत घुसलं. चावीताई कचेरीत जाताना त्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. छापखान्याचा रखवालदार टेबलावर उभा होता आणि पाणी ओसरलं तरी खाली उतरायला तयार नव्हता. शेजारच्या बालवाडीतल्या लाल-पिवळ्या छोट्या खुर्च्या गटाराच्या तोंडाशी एकमेकींवर चढून अडकल्या होत्या. मुलं यायला अजून अवकाश होता, म्हणून निभावलं.

कचेरीत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, नळाचं तर गेलंच होतं. मोठे साहेब उभ्यानेच म्हणाले, "चावीताई, व्हॉल्व्ह तुटला की कोणी तोडला?"

तिने पंपघराच्या संगणकावरची नोंद उघडली. व्हॉल्व्ह तुटला नव्हता आणि कुणी बाहेरचा चोर भिंत फोडून आलाही नव्हता. कोणीतरी रीतसर चावी लावून, दारातून, आत आलं होतं आणि व्हॉल्व्ह उघडून मोकळं झालं होतं. कुठून आलं, त्याचा पत्ता इंटरनेट कंपनीचा निघाला. अर्ध्या गावाचा तोच. पण कुठली चावी लागली, तिचा ठसा नोंदीत असतो. चावीताईने तो ठसा एकेका कुलपाशी ताडून पाहिला. एक जुळला. मग तिने त्या चावीचं चित्र पडद्यावर आणलं. प्रत्येक चावीचं ठिपक्या-फुल्यांचं एक छोटं चित्र निघतं, दोन चाव्यांचं सारखं निघत नाही.

पडद्यावर कासव उमटलं. "नाही!" चावीताई ओरडली, आणि सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

ते कासव कचेरीत सगळ्यांच्या ओळखीचं होतं. ते व्हॉल्व्हमामांचं होतं. मामांचा जन्म गल्लोगल्ली लोखंडी चाकं फिरवून पाणी सोडण्यात गेला. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा साहेबांनी त्यांना खुर्ची आणि लॅपटॉप दिला. मामा लॅपटॉपला इतके भ्यायचे, की सुरुवातीला चष्मा काढून त्याच्याशी बोलायचे, म्हणजे नीट दिसायला नको. चावीताईने त्यांच्यासाठी सगळं सोपं करून ठेवलं. मामांची चावी लागली की मोठ्या मराठी अक्षरांत 'नमस्कार मामा' यायचं आणि मग फक्त आकडे दाबायचे. त्यांच्या लॅपटॉपमध्ये चावी आली त्या दिवशी तिचं चित्र बघून मामा पोरासारखे हसले होते. "ताई, हे कासव आहे! हे पाय, ही मान." त्यांनी त्याची छापील प्रत मागून घेतली आणि आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. निवृत्तीला काही महिनेच राहिले होते. जाताना ते कासव घरी न्यायचं, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मामांना बोलावलं. ते आले, पडद्याकडे बघून ओळखीचं हसले आणि म्हणाले, "हे तर माझं कासव."

कोणीच हसलं नाही, तेव्हा त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"पहाटे कुठे होतात?" साहेबांनी विचारलं.

"घरी. झोपलो होतो."

"कोणी बघितलं?"

"बायको लेकीकडे गेलीय. निजलेल्या माणसाला साक्षीदार कुठून आणू, साहेब?" मामांनी आपला लॅपटॉप पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. "हा तर कालपासून बंद आहे."

"बंद आहे आणि बंद होता, यात फरक असतो," साहेब म्हणाले. मग ते चावीताईकडे वळले. "तुम्हीच सांगा. चावी खोटं बोलते का?"

चावीताईने मामांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांसमोर त्या छोट्या खुर्च्या होत्या. तिला मामांची दया येत नव्हती, रागच येत होता. इतकं सोपं करून दिलं, तरी या माणसाने हे केलं! "नाही," ती म्हणाली. "चावी खोटं बोलत नाही."

मामांनी पडद्यावरच्या कासवाकडे एकदा पाहिलं. मग अगदी साधेपणाने, खरंच उत्तर हवं असल्यासारखे म्हणाले, "ताई, ती चावी तर तुम्हीच केलीत. माझ्या हातची असती तर म्हटलं असतं, काहीतरी चुकलं असेल. तुमच्या हातची म्हणजे चूक नसणारच. मग हे झालं कसं?"

साहेबांनी मामांना घरी जायला दिलं नाही. संध्याकाळपर्यंत पोलिसांत तक्रार जाईल, कामावरून तर आत्ताच काढलं, असं ते म्हणत होते. चावीताईला त्यातलं निम्मंच ऐकू आलं.

ती चावी तिने केली होती, हे खरंच होतं. मामांची जाड बोटं एका वेळी दोन कळा दाबायची, म्हणून एका सुटीच्या दिवशी तिने त्यांची चावी आपल्याच घरी, आपल्या स्वतःच्या लॅपटॉपवर करून टाकली. चावीला वर एक परवलीचा शब्द लावतात, म्हणजे चावी कोणाच्या हाती पडली तरी शब्दावाचून चालत नाही. मामा शब्द विसरतील म्हणून तिने तो लावलाच नाही. चावी लागते का, हे तिथूनच एकदा आत शिरून बघितलं. मग मामांच्या यंत्रात ती नेऊन घातली. आणि आपल्याकडची? 'नंतर पुसू' म्हणाली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर तिने त्याला कचेरीभर फिरवून लाजवलं असतं. पुढे तिने नवा लॅपटॉप घेतला. जुना रिकामा केला, म्हणजे फोटो काढले, कागदपत्रं काढली. पण चाव्या ज्या फोल्डरमध्ये राहतात त्याच्या नावाच्या सुरुवातीला एक टिंब असतं, आणि टिंबवाला फोल्डर सहज बघणाऱ्याला दिसत नाही.

तो लॅपटॉप तिने अप्पांना दिला होता. सख्ख्या आईलाही द्यायची नाही ती चावी तिने बापाला देऊन टाकली होती.

'अप्पा काय करणार आहेत,' असं स्वतःला बजावत ती दुपारी घरी निघाली. फक्त एकदा बघायचं, खात्री करायची आणि परत यायचं. अप्पांना फोनच्या काचेवर बोटाने नीट नंबर लावता येत नव्हता, ते टाकी काय रिकामी करणार?

अप्पा टायपिंगचे मास्तर होते. गावातल्या अर्ध्या कारकुनांची बोटं त्यांनी घडवली. त्यांचा एकच मंत्र होता: "अर्थाकडे बघू नका. समोर आहे ते उतरवा. अर्थ कळला की बोट अडखळतं." टाइपरायटर भंगारात गेले तशी अप्पांची रयाच गेली होती. लॅपटॉप आल्यावर मात्र त्यांना त्यातली ती काळी खिडकी सापडली, जिच्यात चित्रं नसतात, नुसती अक्षरं उमटतात. तेव्हापासून रोज उजाडताच ते तिथे बसून सराव करायचे, आधी आकडे, एकेक आकडा आणि एंटर, मग अक्षरांच्या ओळी. संगणक प्रत्येक ओळीला 'असा आदेश नाही' म्हणून इंग्रजीत खेकसायचा. अप्पा तिकडे दुर्लक्ष करायचे. मास्तर कधी पोरांच्या कुरकुरीकडे लक्ष देतो का?

तिने दार उघडलं तेव्हा अप्पा यंत्रासमोरच होते. तिला बघून खुशीत आले.

"आलीस? बरं झालं. मला सांग, हे यंत्र मला मामा का म्हणतं?"

चावीताई चपला न काढता तशीच पुढे गेली. पडद्यावर मोठी मराठी अक्षरं होती. तिचीच अक्षरं, तिनेच निवडलेले शब्द. 'नमस्कार मामा.' त्याखाली मोठी टाकी. त्याखाली तळाचा व्हॉल्व्ह. आणि शेवटी: 'व्हॉल्व्ह उघडला. धन्यवाद मामा.'

"अप्पा," ती म्हणाली. "हे कसं केलंत?"

"मी काही केलं नाही. अगं, वरचा बाण दाबला की आधीच्या ओळी परत येतात, ते मला परवा कळलं. म्हटलं, बघू, पहिल्या दिवसापासून हात किती सुधारला. बाण दाबून धरला. माझ्या सगळ्या ओळी मागे मागे गेल्या आणि शेवटी एक ओळ आली, ती माझी नव्हती. यंत्र आधी तुझं, म्हणजे तुझ्याच हातची." अप्पांचा चेहरा उजळला. "तुझी ओळ म्हणून एंटर दाबलं. मग रोजचा सराव. एक, एंटर. दोन, एंटर. तीन, एंटर. रोज खेकसतं मेलं, आज पहिल्यांदा धन्यवाद म्हणालं. मला बरं वाटलं गं."

ती ओळ म्हणजे मामांची चावी तपासायला तिने पंपघरात शिरताना दिलेला आदेश. मग एक, दोन, तीन. पहिल्या प्रश्नाला एक म्हणजे मोठी टाकी. दुसऱ्याला दोन म्हणजे तळाचा व्हॉल्व्ह. आणि 'नक्की का?' या तिसऱ्या प्रश्नाला तिने मुद्दाम तीन हा आकडा ठेवला होता, एकच कळ चुकून पुन्हा पुन्हा दाबली जाऊ नये म्हणून. किती विचार केला होता त्यावर! ती मट्‌कन खाली फरशीवर बसली. ती कचेरीत चोर शोधत बसली होती आणि काखेत कळसा होता.

तिने सांगितलं. अप्पांनी मध्ये दोनच प्रश्न विचारले.

"कोणी बुडालं?"

"नाही."

"लहान मुलं?"

"बालवाडी भरायची होती अजून."

मग अप्पा आपले दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून बोटांकडे बघत बसले. एवढं हडबडलेलं त्यांना तिने कधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा नाही.

तिला एकदम वाटलं, हे पुसून टाकावं. चावी, ती जुनी ओळ, सगळं. एका आदेशाचं काम. अप्पांना कोणी चौकशीला उभं करणार नाही, तिला कोणी विचारणार नाही, आणि कासव मामांचंच राहील. ती उठली आणि टाइप करायला लागली. आदेश पुरा झाला. बोट एंटरवर गेलं.

"काय करतेस?" अप्पांनी विचारलं.

"पुसते."

"सगळं?"

"सगळं. कोणाला कळणार नाही, अप्पा."

"त्या मामांना कळेल ना?"

"त्यांनाही नाही."

अप्पा खुर्चीत सरळ बसले. "कोर्टाचे कागद करायचो, तेव्हा आमच्या टेबलावर खोडरबर ठेवायची मनाई होती. खोडलेल्या कागदावर कोणी विश्वास ठेवत नाही. चूक झाली तर ती खालून वाचता येईल अशी आडवी रेघ मारायची, वर बरोबर शब्द, आणि बाजूला सही. आत्ता त्या नोंदीत मामांचं नाव आहे. त्यावर रेघ मार. सही मी करतो."

"सही माझी आहे," चावीताई म्हणाली. "चावी मी सोडली."

तिने टाइप केलेला आदेश एकेक अक्षर मागे घेतला. अप्पा आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले.

साहेबांच्या खोलीत मामा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होते. चावीताईने जुना लॅपटॉप टेबलावर उघडा ठेवला. "साहेब, आपण चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो. चोर मी आहे." तिने सगळं दाखवलं, टिंबाचा फोल्डर, तिच्या हातची ओळ, अप्पांचे तीन आकडे. अप्पा शेजारी उभे राहून प्रत्येक वाक्याला मान हलवत होते.

साहेबांनी आरडाओरडा केला नाही. "तुम्ही?" ते म्हणाले. "चावीताई, तुम्ही?" थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले. तिला कोणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मामा स्टुलावरून उठले. ते चिडतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे मी झोपलोच होतो ना, ताई?"

"हो, मामा."

"सकाळपासून मला वाटत होतं, झोपेत उठून आपणच केलं की काय. चावी तर खोटं बोलत नाही म्हणालात." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "पाणी गेलं, ते येईल. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, ते चोराकडे बघतात तसं बघितलंत."

चावी म्हणजे संगणकातली एक फाइल; चावीताईने त्या फाइलवर विश्वास ठेवला होता आणि माणसावर नाही, आणि फाइल तिनेच घडवलेली होती.

चौकशी पुरी होईपर्यंत तिला तक्रारींच्या खिडकीवर बसवलं. 'पाणी कधी येणार' असं गाव तिलाच विचारायचं आणि तीही निमूट ऐकून घ्यायची. अप्पांना बालवाडीत नेऊन तिने त्यांच्या इच्छेप्रमाणे बाईंची माफी मागू दिली; त्यांनी नंतर ती काळी खिडकी उघडली नाही. जुन्या सगळ्या चाव्या रद्द झाल्या. ज्याने त्याने आपली नवी चावी आपल्या हाताने करायची, असा हुकूम निघाला. मामांना मात्र शिकवायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून साहेबांनी चावीताईला त्या एका कामापुरतं आत बोलावलं.

ती मामांच्या शेजारी बसली. हात तिने पदराखाली गच्च धरून ठेवले होते. मामा एकेक अक्षर शोधून टाइप करत होते, चुकत होते, मागे येऊन पुन्हा करत होते. तिची बोटं शिवशिवत होती, पण तिने हात बाहेर काढला नाही. शेवटी यंत्राने परवलीचा शब्द मागितला.

"आता तुम्ही शब्द घालायचा, मामा. कोणाला सांगायचा नाही."

मामांनी बोटं कळांवर ठेवली आणि थांबले. "तिकडे बघा, ताई," ते म्हणाले.

शब्द घालताना शेजारच्याला म्हणायचं हे वाक्य तिने कितीजणांना शिकवलं होतं! तिला ते आजवर कोणी म्हटलं नव्हतं. ती खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसली. मागे कळांचा आवाज येत राहिला, सावकाश, एका वेळी एक. मग तो थांबला. चित्र उमटलं असणार.

"या वेळी कासव नाही आलं," मामा म्हणाले.

"काय आलं?" तिने भिंतीकडे बघतच विचारलं.

मामांनी लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला आणि तिला उत्तर न देता ते आपल्या कामाला गेले.